थोरली, धाकटी आणि सोसायटीचा काटा

करीमचाचांच्या गॅरेजात एक घमेलं आहे. जुने नट, बोल्ट, वायसर, तुटक्या स्प्रिंगा, सगळं काळ्या तेलात बुडून पडलेलं असतं. एक नट काढायला हात घालावा, तर त्याला चिकटून चार वर येतात. गॅरेजातल्या गोष्टींचंही तसंच! मी चहा घेऊन जाते तेव्हा एक गोष्ट चालू असते, रिकामे कप आणायला जाते तेव्हाही तीच चालू असते, फक्त तेवढ्यात गोष्टीतल्या गाडीचा स्पीड वाढलेला असतो!

म्हटलं, आपणच लिहून ठेवावं. मी होते तिथं. डोळे मिटून का असेना, पण होते!

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. करीमचाचा म्हणजे कळंबातल्या गॅरेजचे मालक, सगळ्यांचे उस्ताद, मेंदी लावलेली दाढी. आमचे हे त्यांच्या हाताखाली मिस्त्री. सगळे ह्यांना गौतम म्हणतात, मी नाव घेत नाही. बेंबळीचे दगडूभाऊ दूध सोसायटीचे कॅन फटफटीवर वाहून आणतात. माणूस पोत्यासारखा रुंद, हसला की फटफटीपेक्षा मोठा आवाज. शिवाय माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. आणि माझी सुजी, ह्या सालच्या शर्यतीला नुकती बसायला लागलेली.

आता शर्यत. मोठ्या दुष्काळात गावाबाहेर कामावरचा रस्ता निघाला. आत्यांनी त्याच रस्त्यावर खडी फोडली. रस्ता असा सरळ, की आत्या म्हणतात, "सूत लावून फोडली व्हती आमी." एका टोकाला मैलाचा दगड, दुसऱ्या टोकाला बाभळ. दोन फटफट्या शेजारी उभ्या करायच्या, चाचांनी रुमाल खाली टाकला की सोडायच्या. बाभळीपाशी पहिला तो जिंकला. वळण नाही, फेरी नाही. तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत शर्यत संपलेली असते!

बक्षीस पितळेची घागर. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात. जळकोटपासनं माणसं येतात.

आणि दरवर्षी भांडण एकच. कुणाचं इंजिन भारी?

* * *

गाड्या दोन जातीच्या. एक चार-स्ट्रोक, जड, छाती मोठी, डग डग डग करत जाणारी. तिला गॅरेजात म्हणतात थोरली. दुसरी दोन-स्ट्रोक, हलकी, टर्र करून किंचाळणारी, मागं निळा धूर. ती धाकटी. दगडूभाऊंची थोरली, आमच्या ह्यांची धाकटी.

पहिल्या साली नियम काहीच नव्हता. थोरलीवाले म्हणाले, "शर्यत लांब ठेवा, थोरलीचा दम शेवटाला कळतो." धाकटीवाले म्हणाले, "आखूड ठेवा, धाकटी चटपटीत हाय." एक जण बाभळीकडं ओढतोय, दुसरा मैलाच्या दगडाकडं. रस्ता रबराचा असता तर तुटला असता!

कुणी म्हणालं, थोरल्यांची वेगळी शर्यत घ्या, धाकट्यांची वेगळी.

चाचा उठले. म्हणाले, "मग घरीच थांबा की! थोरल्या भावानं थोरल्याशी खेळायचं, धाकट्यानं धाकट्याशी, ह्याला काय शर्यत म्हणतेत? रस्ता हाय तेवढाच राहील. इंजन कू हात नको लगाव. वजन कू लगाव!"

म्हणजे काय, तर स्वार आणि ओझं मिळून सगळ्यांचं सारखं भरलं पाहिजे. दगडूभाऊ रुंद, आमचे हे काडी. म्हणून ह्यांच्या गाडीवर ओझं बांधायचं. आणि थोरलीचं इंजिन मोठं, म्हणून तिच्यावर त्याच्याही वर एक जादा पोतं. सोसायटीचा धान्याचा मोठा काटा बैलगाडीत घालून रस्त्यावर आणला.

"धाकटी थोरलीला हरवू शकली पायजे," चाचा म्हणाले, "आणि थोरली धाकटीला. तेव्हा मी म्हणीन की माझा नियम खरा."

सोसायटीचे सेक्रेटरी शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, "चाचा, एवढी बरोबरी आमच्या निवडणुकीत आणू नका म्हंजे झालं!"

* * *

पण खरं सांगते, चाचांचा नियम खरा होत नव्हता. दरसाल दगडूभाऊच पुढं. धाकटी सुटताना मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरायचं, मुरूम उडायचा, आणि चाक जमीन धरेपर्यंत थोरली निघून गेलेली असायची. लोक बोलायला लागले होते. "काटा आणा, पोती आणा, शेवटी थोरलीच." दोन-तीन धाकटीवाले यायचे बंद झाले.

दगडूभाऊंच्या घरी घागरी साठल्या. त्यांची बायको बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "वैनी, घागरी लई हायत. आता पाण्याची शर्यत लावा म्हणावं कुणाला तरी!"

आत्या ह्यांना म्हणायच्या, "एक तरी आण की रे."

ह्यांचं उत्तर ठरलेलं. "आणीन. पण नियमात राहून आणीन."

माझी धडधड वेगळीच. मी रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि ओरडायची, "हळू! हळू जावा!" शर्यतीत नवऱ्याला हळू जा म्हणणारी बायको अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन. चाचा म्हणायचे, "बेटी, तुझं ऐकतोय ना तो. म्हणून तर हारतोय!"

* * *

सुरुवातीला ओझं म्हणून ज्वारीची पोती बांधायचे. मागं, कॅरिअरला.

एका साली एक धाकटीवाला (नाव नको, आता त्याला नातवंडं होतील!) असा सुटला, की दगडूभाऊंच्या बरोबरीनं बाभळीपाशी. सगळे बघतच राहिले. चाचा दाढीवरनं हात फिरवायला लागले. नियम खरा झाला म्हणून डोळ्यांत पाणी यायचंच बाकी.

तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "ह्या चिमण्या काय करतेत?"

बघतो तर रस्त्याच्या मधोमध चिमण्यांची रांग! मैलाच्या दगडापासून थेट त्या गाडीपर्यंत. पोत्याला खाली बारीक भोक. जसजशी गाडी पुढं, तसतसं पोतं हलकं.

तो म्हणाला, "उंदरानं कुरतडलं असंल."

आत्या म्हणाल्या, "व्हय, आणि उंदरानंच भोकाला आत चिंधीचा बोळा लावून ठिवला व्हता का? तो बघ, दगडाजवळ पडलाय."

चिमण्या जिंकल्या असं ठरलं! त्या दिवसापासून आत्यांनी धान्य बंद केलं. "मातीत दाणा सांडायला तुमाला दुष्काळ दिसला न्हाय का?" ज्वारीच्या जागी रस्त्याकडेची खडी आली. आणि चाचांनी नवा नियम केला. ओझं मागं नको, पुढं टाकीवर बांधायचं. सगळ्यांना दिसलं पाहिजे.

* * *

त्याच्या पुढच्या साली पाण्याची गंमत झाली.

विहिरी आटलेल्या. टँकरची वाट बघत बाया हंड्यांची रांग लावून बसायच्या. अशा दिवसांत काट्याजवळ एक जळकोटचा गडी आला. माझ्या माहेरचा, म्हणून मला जरा जास्तच लाज वाटली. त्यानं तांब्या तोंडाला लावला. संपवला. दुसरा मागितला. तोही संपवला. तिसरा.

बायांनी तोंडाला पदर लावला. एवढी तहान?

चाचांनी त्याला काट्यावर उभं केलं. वजन चांगलं भरलं, म्हणून खडी कमी बांधली. गडी खाली उतरला आणि चालायला लागला. चालायला कसला, पळायला! सरळ बाभळीच्या मागं.

परत आला तो कसा, अगदी मोकळा, तरतरीत.

दगडूभाऊ ओरडले, "चाचा! ह्यानं ओझं टाकलं की!"

चाचांना हसू आवरेना. "कुठं टाकलं? दाखव."

"आता ते कसं दाखवू?"

तेव्हापासून वजन दोनदा होतं. शर्यतीच्या आधी एकदा, नंतर एकदा. आणि आत्यांनी आपला एक नियम घातला, तो आजही पाळतात. काट्याच्या आसपास तांब्या न्यायचा नाही!

* * *

करडईच्या तेलाची गोष्ट माझ्या घरातली आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

धाकटीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. कुणीतरी ह्यांना सांगितलं की घाण्यावरचं करडईचं तेल घातलं की इंजिन पळतं. माझ्या डब्यातलं तेल कमी व्हायला लागलं. मला वाटलं, मांजर. मग वाटलं, डबा गळतोय. काळजीनं मी डबा दोनदा डाग देऊन आणला.

शर्यतीच्या दिवशी हे सुटले, आणि सगळ्या रस्त्यावर वास! खमंग! कडेचे लोक शर्यत बघायचं सोडून नाक वर करून बघायला लागले.

आत्या म्हणाल्या, "गौतम, गाडी भजी तळाया लागली का रं?"

बाभळीच्या अलीकडंच गाडी खोकून बंद पडली. ह्यांनी प्लग काढला, तर त्याच्यावर काकवीसारखा थर. दगडूभाऊ परत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, "वैनी, कांदा बी टाकला असता तर!"

नियम झाला. स्वयंपाकघरातलं काहीही इंजिनात घालायचं नाही.

* * *

आता सायकलीचा किस्सा. हा मला सुजीला झोपवताना आठवला तरी झोळीची दोरी हातातून सुटते!

चाचांनी एका साली ठरवलं की थोरलीला ओझं किती, धाकटीला किती, हे अंदाजानं नको. आदल्या दिवशी सगळ्यांची चाचणी घ्यायची. जो जास्त पळेल त्याला जास्त ओझं. किती साधी गोष्ट! चाचा खूश. कुणाला बोलायला जागाच नाही.

चाचणीला सगळे एका रांगेत उभे केले. रुमाल पडला.

आणि काय सांगू, शहाण्यांनी एकानंही गाडी पळवली नाही! थोरल्या डुग डुग करत निघाल्या, वरातीत निघाल्यासारख्या. धाकट्या पहिल्या गिअरात. दगडूभाऊ दोन्ही पाय जमिनीला टेकवून चालल्यासारखे. आमच्या ह्यांनी तर मधेच थांबून आरसा पुसला! प्रत्येकाचा चेहरा असा, की जणू जीव तोडून पळवतोय.

मी पहिल्यांदाच निवांत उभी होते. आत्यांना म्हटलं, "बघा, तुमचं लेकरू किती शहाण्यासारखं चाललंय!"

एवढ्यात मागून घंटी वाजली. सेक्रेटरी सायकलवरून चालले होते, हँडलला भाजीची पिशवी. त्यांना कुठं माहीत चाचणी आहे ते! "सरका, सरका," म्हणत ते सगळ्यांच्या मधून निघाले आणि बाभळ ओलांडून पुढं गेले. मागं वळूनही बघितलं नाही.

कुणी हसेना. सगळे चाचांच्या तोंडाकडं बघायला लागले.

चाचा शांतपणे म्हणाले, "निकाल लागला. सायकलीला पोतं बांधा!"

* * *

आता सीलचं.

कुजबुज चालू होती की काही जण चाचणीनंतर घरी जाऊन इंजिन उघडतात, आत काहीबाही करतात. चाचांनी कासाराकडून लाख आणली. प्रत्येक इंजिनाच्या हेडवर, म्हणजे वरच्या झाकणावर, दोन नटांना दोरा गुंडाळून वर लाखेचा ठसा. इंजिन उघडलं की ठसा मोडणार. चोरी पकडली जाणार.

ठसे लागले. लाल, चकचकीत, सुंदर दिसत होते. सगळ्या गाड्या नवरीसारख्या!

पहिली जोडी सुटली, परत आली. चाचा वाकून बघतात, तर ठसा नाही. दोन्ही गाड्यांवर नाही. दुसरी जोडी. नाही! तिसरी. नाही! हेडवर फक्त लाल ओघळ.

इंजिन तापलं, लाख वितळली. एवढं साधं उस्तादांच्या ध्यानात आलं नव्हतं!

चाचांनी सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाले, "सगळेच चोर. म्हंजे कुणीच चोर न्हाय. चला, घरी!"

मग तार वापरायचं ठरलं. बारीक लोखंडी तार, नटांमधून ओवायची आणि गाठ मारायची. पण तारेची गाठ कुणीही सोडेल, कुणीही मारेल. तिथं मी बोलून गेले. माझी आई जळकोटकडं दुष्काळी कामावर होती, तिथं बाया लेकरांच्या झोळ्या बाभळीला बांधायच्या. लेकरानं कितीही लाथा मारल्या तरी न सुटणारी गाठ. आईनं मला शिकवली. ती ज्याच्या त्याच्या हाताची असते. माझी मला लगेच ओळखू येते.

चाचांनी तार माझ्या हातात दिली. "मार."

मी मारली. चाचांनी ओढून बघितली, दगडूभाऊंनी ओढून बघितली. सुटेना.

एक जण म्हणाला, "पण ही तर गौतमची बायको. नवऱ्याच्या गाडीला सैल मारली तर?"

माझं तोंड एवढंसं झालं. तर दगडूभाऊच म्हणाले, "गौतमची बायको हाय म्हणूनच मारू द्या! नवऱ्यावर बायकोएवढी नजर दुसऱ्या कुणाची असती का?"

तेव्हापासून जिल्ह्यातल्या सगळ्या थोरल्या-धाकट्यांची सीलं माझ्या हातची. सातवी शिकलेल्या बाईला आणखी काय पाहिजे, सांगा!

* * *

हा शेवटचा. ह्याच सालचा.

चाचांनी आधीच सांगून टाकलं होतं. "औंदा बी थोरलीच जिंकली तर शर्यत बंद. मग माझा नियम खोटा. लोकांना कशाला उन्हात उभं करू?" ते हसत बोलले, पण त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला. ह्यांनी धाकटी मात्र दोनदा पुसली.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सुजीला लस टोचून मी दवाखान्यातून सरळ रस्त्यावर आले. तिला ताप येईल का ह्याच काळजीत होते. रस्त्यावर ह्या साली डांबर पडलं होतं आणि वर बारीक कच पसरलेली. नेहमीप्रमाणं एकेका गाडीजवळ बसून मी गाठी बघितल्या. थोरलीची गाठ माझी. बाकीच्यांच्या माझ्या. मग आमची धाकटी.

माझ्या गाठीचं टोक उजवीकडं वळतं. हे डावीकडं होतं.

मी परत बघितलं. वर ह्यांच्याकडं बघितलं. हे बाभळीकडं बघत होते.

काय करणार होते मी? गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? पण मग त्या सगळ्या गाठींना काय अर्थ?

मी उभी राहिले आणि म्हणाले, "ही गाठ माझी न्हाय."

दगडूभाऊंनी थोरली बंद केली.

"नीट देख, बेटी," चाचा म्हणाले.

"देखलं चाचा. माझी न्हाय."

हे म्हणाले, "सकाळी चालू केली तर पिस्टनची रिंग मोडली. बदलली. त्याच मापाची घातली. दुसरं काय केलं न्हाय."

"मग मला सांगायचं की!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"तू दवाखान्यात व्हतीस. आन् सांगितलं असतं तर आणखी काळजी करत बसली असतीस!"

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "उस्तादाच्या गॅरेजातच सील तुटलं! आता कसली बरोबरी!" चाचांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी वाटलं, तार, काटा, खडी, सगळं मीच बुडवलं.

तर दगडूभाऊ खाली बसले. "उघडा इंजन. माझ्या डोळ्यांसमोर." ह्यांनी पाना घेतला, हेड काढलं, बॅरल काढलं. दगडूभाऊंनी रिंग हातात घेऊन मापून बघितली, पुसली, परत दिली. "मापातलीच हाय. बाहेर काढू नका त्याला, चाचा. एकट्यानं पळून मला घागर नको."

"बाहेर न्हाय काढत," चाचा म्हणाले. "पण नियम म्हंजे नियम. न विचारता इंजन उघडलं, तर चाळीस किलो जादा."

हो, तारेबरोबरच हा नियमही झाला होता. चाळीस किलो! म्हणजे हरल्यातच जमा.

इंजिन बसलं, मी नवी गाठ मारली. आता खडी आणा म्हटलं, तर खडी कुठाय? सगळी डांबराखाली! कडेचे ढीग संपलेले. होती नव्हती ती टाकीवरच्या पोत्यांत गेलेली. माणसं इकडं तिकडं हिंडून आली, हात हलवत.

दगडूभाऊ माझ्याकडं बघून हसले. "वैनीलाच बसवा! पकडलं त्यांनी, वझं बी त्यांनीच व्हावं!"

सगळा रस्ता हसला. मी सुजीला आणखी घट्ट धरली.

हे म्हणाले, "नको नको. ती घाबरती."

तुम्हाला सांगते, ह्यांनी तेवढं म्हटलं नसतं ना, तर मी बसले नसते!

आत्यांनी पुढं होऊन सुजीला माझ्या कडेवरून काढून घेतलं. "जा. लेकरू मी बघती." मग माझा पदर कमरेभोवती गुंडाळून खोचला, चाकात जाऊ नये म्हणून. मी काट्यावर चढले. अडतीस भरले. चाचांनी काट्याचं दोन किलोचं लोखंडी वजन माझ्या हातात दिलं. "धरून ठेव. सोडू नको."

एक जण म्हणाला, "पण चाचा, ओझं टाकीवर पायजे. नियम हाय."

"कशासाठी हाय? सगळ्यांना दिसावं म्हणून. ही दिसती ना सगळ्यांना? मग बस, बेटी, मागं."

मी बसले. एका हातात दोन किलो, दुसऱ्या हातानं ह्यांचा सदरा. शेजारी थोरली डग डग करत उभी. रुमाल वर गेला. मी डोळे मिटले. मग म्हटलं, एवढं आलोय तर उघडावेत. उघडले.

रुमाल पडला.

आणि मागचं चाक नुसतंच फिरलं नाही! जागेवर गरगरलं नाही, कच उडाली नाही. माझं ओझं बरोबर मागच्या चाकावर! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा धाकटीनं पहिल्याच झटक्यात जमीन धरली, आणि आम्ही निघालो. थोरली शेजारी. मग थोरली जरा मागं. मग थोरलीचा दम वाढला, दगडूभाऊंचा गुडघा माझ्या गुडघ्याजवळ आला. बाभळ आली. बाभळ गेली.

अर्ध्या चाकानं धाकटी!

लोक धावत आले. नियमाप्रमाणं परत काटा. अडतीस आणि दोन. दोन किलोचं वजन माझ्या मुठीतच होतं. माझी बोटं सोडवायला आत्यांना दोन्ही हात लावावे लागले. चाचा नुसतेच रुमालानं डोळे पुसत होते, आणि त्या रुमालाला सगळा रस्त्याचा धुरळा!

तेवढ्यात दगडूभाऊ आले. घामाघूम, हात वर करून.

"चाचा, तक्रार हाय!"

"बोल."

"ह्याचं वझं बोलत व्हतं!"

"म्हंजे?"

"सगळ्या वाटेनं बोलत व्हतं चाचा! 'सोडा, सोडा! आता गिअर टाका! दगडूभाऊ आले, दाबा की!' म्या माझ्या कानांनी ऐकलं. माझ्या टाकीवरची खडी बोलती का? ही कसली बरोबरी?"

मी म्हटलं, "मी कुठं बोलले? मी तर हळू म्हणत होते."

हे खाली बघून हसायला लागले. आत्यांच्या कडेवर सुजीही हसायला लागली.

चाचांनी दाढीवरनं हात फिरवला. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दगडूभाऊंकडं, एकदा काट्याकडं. मग घागर उचलून आत्यांच्या हातात दिली.

"वझ्यानं गप बसावं, असं नियमात कुठं हाय? पुढच्या साली घालू!"